निम्मी यंत्राची, निम्मी हाताची: चकमकीची बंदूक पारखून घेताना

पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा एक जुन्या वळणाचा हंगाम सुरू होतो. १९७४ पासून चालत आलेल्या या हंगामात काडतुसाची बंदूक तर चालत नाहीच, पण टोपी लावून उडवायची ठासणीची बंदूकही चालत नाही. गारेने (गारगोटीने) पोलादावर ठिणगी पाडून रंजक (बार पेटवण्याची बारीक दारू) पेटवणारी, म्हणजे चकमकीचीच बंदूक असावी लागते आणि तिचे कॅलिबर (नळीच्या भोकाचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत) ४४ किंवा त्याहून मोठे असावे लागते. मी राहतो त्या लीहाय खोऱ्यात अठराव्या शतकात जर्मन भाषक वसाहतकऱ्यांचे बंदूककार लांब नळीच्या रायफली घडवीत असत. त्यामुळे या हंगामात उतरायचे ठरवल्यावर कारखान्यातून गठ्ठ्याने बाहेर पडणाऱ्या इटालियन प्रतिकृतीपेक्षा याच परिसराच्या घडणीची बंदूक घ्यावी असे मला वाटले. नामवंत कारागिराने लाकडाच्या फळीपासून घडवलेली बंदूक मला झेपणारी नव्हती, कारण मला सांगितल्या गेलेल्या किमती पाच हजार डॉलरपासून पुढे होत्या आणि त्यावर काही वर्षे वाट पाहण्याची अट होती. मधला मार्ग उरला तो निम्म्या यंत्राच्या आणि निम्म्या हाताच्या बंदुकीचा, जिला इथे ‘सेमी-कस्टम’ म्हणतात.

अशा बंदुकीची नळी एका कारखान्याची असते, लॉक, म्हणजे घोड्यासह ठिणगी पाडणारी यंत्रणा, दुसऱ्याचे असते, दस्त्याचे लाकूड यंत्रावर नव्वद टक्के कोरून आलेले असते आणि कारागीर हे सारे भाग एकमेकांत बसवून, लाकूड उतरवून, रंगवून बंदूक पुरी करतो. कॅलिबर, लाकडाची प्रत, दस्त्याची लांबी आणि नक्षीकाम गिऱ्हाईक ठरवतो. अडचण अशी की बहुतेक कारागीर त्याच दोन-चार ठिकाणांहून भाग आणतात, त्यामुळे १,८०० डॉलरची बंदूक आणि ४,००० डॉलरची बंदूक यांची यादी कागदावर जवळजवळ सारखीच दिसते. छायाचित्रांतही फारसा फरक कळत नाही. फरक असतो तो बसवण्यात आणि लाकूड उतरवण्यात, आणि तो ओळखायला डोळा तयार करावा लागतो.

माझा डोळा अगदीच कोरा नव्हता, पण तो वेगळ्या कामाचा होता. सिंधुदुर्गात आजोळी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक मी लहानपणापासून पाहिली होती. वानर आणि रानडुकरे हाकलण्यासाठी असलेल्या आणि निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या त्या बंदुकीचे मोल नळी शाबूत आहे का, टोपी दरवेळी पेटते का आणि परवाना कोणाच्या नावावर आहे एवढ्यातच संपत असे. दस्त्याची रेषा कशी आहे असा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पुढे यंत्रभागांच्या तपासणीचे काम करताना इंचाचा हजारावा भाग मोजण्याची सवय लागली, आणि त्या सवयीचा या बंदुका पारखताना मला वाटले होते त्याच्या निम्माही उपयोग झाला नाही.

आरंभ मी हिशेबापासून केला. चांगल्या नावाची, मध्यावर बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित जाड होत जाणारी अष्टकोनी नळी मला तीन-साडेतीनशे डॉलरना पडली असती. चेंबर्ससारख्या नावाजलेल्या निर्मात्याचे लॉक सुमारे अडीचशे, कोरून आलेला मेपलचा दस्ता लाकडाच्या प्रतीप्रमाणे अडीचशे ते पाचशे, आणि चाप, पितळी साज, गज (बार ठासायची सळई), माशी (नेम धरायची नळीच्या तोंडाशी असलेली खूण) वगैरे मिळून आणखी दोन-अडीचशे. म्हणजे लाकडाला कानस लागण्यापूर्वीच हजार-तेराशे डॉलर खर्च झालेले असतात. हा आकडा कोणत्याही बंदुकीच्या किमतीतून वजा केला की उरते ती कारागिराची मजुरी, आणि मी खरे तर त्या मजुरीचीच पारख करायला निघालो आहे, हे त्या वजाबाकीमुळे स्पष्ट झाले. कोणी १,५०० डॉलरना नवी बंदूक देत असेल तर त्याने लाकडावर किती तास घालवले असतील याचा अंदाज बंदूक हातात न घेताही बांधता येतो. या हिशेबाला अलीकडे एक नवा फाटा फुटला आहे. ओहायोतील बंदूककार किब्लर यांचे संगणकचालित यंत्रावर कापलेले संच इतके काटेकोर येतात की लोखंड लाकडात बसवण्याचे काम जवळपास झालेलेच असते. अशा संचापासून केलेल्या बंदुकीतले सांधे निर्दोष असले तरी ते श्रेय यंत्राचे असते, आणि तिथे कारागिराला पैसे द्यायचे ते रंग, पॉलिश, नक्षी आणि चापाच्या जुळणीचे. त्यात कमीपणा काही नाही. फक्त विकणाऱ्याने त्या सांध्यांचे मोल हातकामाच्या दराने लावू नये.

आमच्या नेमबाजी क्लबातल्या एका सभासदाने माझी एका ज्येष्ठ बंदूककारांशी ओळख करून दिली. आता ते स्वतः विक्रीसाठी बंदुका करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मताला व्यापाराचा वास नव्हता. माझ्याबरोबर बंदुका पाहायला ते तयार झाले, पण त्याआधी जुन्या अस्सल रायफली डोळे भरून पाहून याव्यात अशी त्यांनी अट घातली. याच खोऱ्यातल्या नॅझरेथ गावाजवळच्या जेकब्सबर्ग इथे हेन्री घराण्याच्या बंदूककामाचा वारसा जपला आहे. या घराण्याने १८१२ मध्ये बोल्टन इथे बंदुकांचा कारखाना उभारला, आणि तिथल्याच पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल संग्रहालयात या खोऱ्यातल्या रायफली काचेआड ओळीने पाहायला मिळतात. नॅझरेथच्याच परिसरात ख्रिश्चन्स स्प्रिंग नावाची मोरेव्हियन पंथीयांची वस्ती होती आणि तिथल्या बंदूकशाळेत ख्रिश्चन ओर्टर हा कारागीर काम करत असे. त्याने सही करून १७७५ हे साल घातलेली एक रायफल १९७१ मध्ये व्हॅली फोर्जच्या प्रदर्शनातून चोरीला गेली, २०१८ मध्ये सापडली आणि पुढे फिलाडेल्फियात प्रदर्शनात मांडली गेली. ती ओळखता आली याला नळीवरची ती सही आणि ते साल मोठे कारण होते. सहीचा मुद्दा पुढे माझ्या व्यवहारातही आला.

संग्रहालयात मला सर्वांत आधी जाणवले ते जुन्या रायफलींचे सडपातळपण. छायाचित्रांत त्या भारदस्त वाटतात, पण प्रत्यक्षात नळीच्या दोन्ही बाजूंना असलेले लाकूड इतके पातळ असते की ते टिकले कसे याचे आश्चर्य वाटावे. नवशिक्या किंवा घाईतल्या कारागिराचे काम नेमके इथेच उघडे पडते. लाकूड काढून टाकायला धीर लागतो आणि एकदा काढलेले परत येत नाही, म्हणून तो सगळीकडे थोडे थोडे जास्तच ठेवतो. यंत्रावर कोरून आलेल्या दस्त्यात तर हे जादा लाकूड मुद्दाम ठेवलेले असते, कारागिराने ते उतरवावे म्हणून. पुष्कळ बंदुकांत ते उतरवलेलेच नसते. नुसते घासून, रंग देऊन, तेल लावून बंदूक तयार झाल्याचे जाहीर केले जाते. असा दस्ता हाताला गुळगुळीत लागतो, त्यात खोट म्हणून दाखवता येईल असे काही नसते, आणि तरीही ती बंदूक दुरूनच ठोकळ्यासारखी दिसते.

म्हणून ज्येष्ठांची पद्धत अशी होती की बंदूक टेबलावर किंवा भिंतीला टेकवून ठेवायची आणि आठ-दहा फुटांवरून पाहायची, हात लावायचा नाही. मनगटाची, म्हणजे चापामागे जिथे मूठ बसते त्या भागाची रेषा लॉकच्या मागून निघून दस्त्याच्या वरच्या धारेत कशी मिसळते? खालची रेषा चापाच्या कमानीपासून दस्त्याच्या टोकापर्यंत न अडखळता जाते का? पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर भागाच्या वळणाच्या रायफलीत या रेषा बहुधा सरळ असतात, तर लीहाय वळणात दस्त्याला खाली झुकणारा डौलदार बाक असतो. कोणते वळण चांगले हा प्रश्न नसतो. प्रश्न असा की कारागिराने एक वळण धरून ते शेवटपर्यंत नेले आहे का. लँकेस्टरचा म्हणून विकला जाणारा दस्ता, त्यावर पन्नास वर्षे नंतरच्या घाटाची, दस्त्यात बसवलेली पितळी पेटी आणि दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातला लोखंडी साज अशी सरमिसळ मी पाहिली. शिकारीच्या दृष्टीने तिने काही बिघडत नाही, परंतु तिची किंमत मात्र उतरते, कारण या बंदुका घेणाऱ्यांत इतिहास जाणणारेच अधिक असतात.

जवळ गेल्यावर पाहायच्या जागा ठरलेल्या होत्या. नळीची खाच आणि तिच्याखाली गज जाण्याची खाच यांच्यामध्ये जे लाकूड उरते ते साधारण एक अष्टमांश इंच असावे. ते जास्त ठेवले की पुढचा सगळा दस्ता खोल आणि चपटा होतो, आणि ही चूक पुढे कोणालाही दुरुस्त करता येत नाही, कारण गजाचे भोक आधीच पाडलेले असते. लॉकभोवतीची सपाट लाकडी पट्टी अरुंद आणि सगळीकडे सारख्या रुंदीची असावी. मनगटातल्या लाकडाचा धागा मनगटाच्याच दिशेने गेलेला असावा. मेपलच्या लाकडावर ज्या आडव्या लहरी चमकतात त्यांना भुलून धाग्याकडे दुर्लक्ष होते. लहर ही शोभा आहे आणि धागा ही ताकद. धागा मनगटात तिरका बाहेर पडत असेल तर बंदूक एकदा पडली की तिथेच मोडते, मग लहरींसाठी तीनशे डॉलर जादा दिलेले असोत की नसोत.

लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यांसाठी मी लहानशी विजेरी जवळ ठेवू लागलो. सरळ उजेडात सांधे घट्टच दिसतात, पण विजेरी आडवी धरून उजेड कडेने टाकला की फट काळ्या रेषेसारखी उठून येते. नळीच्या मागच्या पट्टीच्या टोकाशी आणि लॉकच्या पत्र्याच्या शेपटीशी ती हमखास सापडते. केसाएवढी फट क्षम्य असते. पट्टीच्या अगदी मागच्या टोकाशी तर ती थोडी असावी असेही काही कारागीर मानतात, कारण बार काढताना नळी मागे रेटते आणि तिथे लाकूड घट्ट चिकटलेले असेल तर कपचा उडतो. रंगीत लुकण भरून बुजवलेली फट मात्र क्षम्य नसते. हल्ली नव्या बंदुकीला दोनशे वर्षे वापरल्यासारखे गडद, मळकट रूप देण्याची आवड वाढली आहे आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेतले जातात. मन लावून केलेले असे काम सुंदर असते, हे मान्य. तरीही लुकण लपवायला याच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही, म्हणून अशा बंदुकीत मी विजेरी दुप्पट वेळ फिरवत असे.

काही गोष्टी बंदूक खोलल्याशिवाय दिसत नाहीत आणि खोलायला मालकाची परवानगी लागते. कोणी ती नाकारली तर मी त्याच्याशी वाद घातला नाही, फक्त पुढची बोलणी थांबवली. या रायफलींत नळी दस्त्याला आडव्या तारखिळ्यांनी धरलेली असते आणि ते खिळे नळीच्या पोटाला बसवलेल्या छोट्या कड्यांतून जातात. या कड्यांतली भोके गोल नसावीत, नळीच्या दिशेने लांबट असावीत. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगते आणि आक्रसते, पोलाद तसे करत नाही. कोकणात पावसाळ्यात दारे चौकटीत अडकतात तेच इथे लाकडी दस्त्याच्या बाबतीत होते, आणि भोके गोल असली तर खिळा लाकूड चिरतो किंवा नळीला बाक देतो. हे काम करायला फार वेळ लागत नाही आणि ते कोणाला दिसतही नाही. म्हणूनच ज्या बंदुकीत ते केलेले असते तिच्या बाकीच्या न दिसणाऱ्या कामावरही विश्वास टाकावासा वाटतो.

आता लॉक, कारण चकमकीच्या बंदुकीचे अर्धे मोल तिथे असते. तपासणीआधी बंदूक भरलेली नाही याची खात्री करायची. गज तोंडातून आत सोडून बोटाने खूण करायची आणि तेच अंतर नळीच्या बाहेरून लावून पाहायचे. गजाचे टोक कानाच्या, म्हणजे रंजकाची आग नळीत नेणाऱ्या बारीक भोकाच्या, जागेपर्यंत पोहोचले तर नळी रिकामी असते. यानंतर घोडा अर्ध्यावर चढवून चाप जोराने ओढायचा, घोडा हलता कामा नये. मग गार लावलेली असताना फ्रिझन, म्हणजे ज्या उभ्या पोलादी पत्र्यावर गार आदळते तो, मिटून घोडा सावकाश हाताने पुढे न्यायचा आणि गार त्याला कुठे भिडते ते पाहायचे. ती वरच्या तिसऱ्या भागाच्या आसपास भिडून खाली खरवडत आली पाहिजे आणि फ्रिझन उघडता उघडता तिचे टोक रंजकाच्या वाटीकडे रोखलेले असले पाहिजे. फार वर किंवा अगदी सपाट भिडली तर ती खरवडत नाही, नुसती आपटते, आणि गारेची धार दहा बारांत जाते. शेवटी अंधाऱ्या खोलीत, दारूशिवाय, चाप ओढून ठिणग्या पाहायच्या. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या वाटीत पडून क्षणभर तडतडत राहिल्या तर फ्रिझनचे पोलाद आणि त्याला दिलेले पाणी दोन्ही चांगले. लालसर ठिणग्या वाटीला पोहोचण्याआधीच विझत असतील तर पोलाद नरम राहिलेले असते. चांगली कानस त्यावर चावता कामा नये, घसरली पाहिजे. फ्रिझन उघडल्यावर उसळी मारून परत घोड्यावर आदळत असेल तर दोन स्प्रिंगांचा तोल जमलेला नसतो.

लॉक बाहेर काढल्यावर त्याच्या मागच्या लाकडी कोनाड्यात मुख्य स्प्रिंग घासल्याची चकाकती खूण आहे का ते पाहायचे. तशी खूण असली तर पावसाळी हवेत लाकूड फुगून लॉक मंदावणार हे ठरलेले. चाप फार जड लागत असला तरी लॉकच दोषी असते असे नाही. चापाची आडवी खीळ लाकडात फार खाली मारली की तरफेचे गणित बिघडते आणि उत्तम लॉकसुद्धा सात-आठ पौंड ओढल्याशिवाय सुटत नाही. ही खीळ जितकी वर असेल तितका चाप हलका होतो.

यंत्रावर कोरलेल्या दस्त्यांचा एक खास दोष कानाच्या जागेशी सापडतो. लॉकचा कोनाडा यंत्राने आधीच ठरवून टाकलेला असतो, नळी मात्र कारागीर हाताने मागेपुढे करून बसवतो. ती नीट मागे बसली नाही तर नळीचा कान रंजकाच्या वाटीच्या मधोमध न येता कडेला जातो. कान वाटीच्या मध्यावर आणि साधारण तिच्या वरच्या कडेच्या रेषेत असावा, त्याचे भोक एक सोळांश इंचाच्या आसपास असावे आणि आतल्या बाजूने नळीच्या बुडाच्या स्क्रूने ते अडवलेले नसावे. तो खाली असेल तर रंजक त्यावर साचते आणि वातीसारखी जळत आत जाते, म्हणजे चाप ओढणे आणि बार निघणे यांत कानाला कळेल इतका खंड पडतो. ही चूक करणाऱ्या बंदुकीवर मी कितीही सवलत मिळाली तरी पैसे घालणार नाही.

नळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ओळखीच्या निर्मात्यांच्या नळ्या जवळपास सगळ्याच उत्तम असतात. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी आटे (नळीच्या आतल्या पीळदार खाचा) सावकाश फिरणारे, म्हणजे ५६ ते ७० इंचांत एक फेरा घेणारे असले की पुरते. मात्र सरळ जाडीची नळी स्वस्त म्हणून घातलेली असेल तर ती बंदूक तोंडाशी जड होते आणि अर्ध्या तासात डावा हात भरून येतो. मध्यावर बारीक केलेली ४२ इंची नळी लावलेली ५० कॅलिबरची रायफल साडेसात-आठ पौंडांत बसते आणि तिचा तोल डाव्या तळव्याच्या थोडा मागे येतो.

या सगळ्या पायऱ्यांतून शेवटी दोन बंदुका माझ्यासमोर उरल्या. पहिली ३,६०० डॉलरची होती. दस्त्यावर उठावाची कोरीव पाने, उघडणाऱ्या पितळी पेटीवर बारीक नक्षी, मेपलच्या लहरी अशा की खोलीत शिरणाऱ्याची नजर आधी तिच्याकडे जावी, आणि वर जुनेपणाचा गडद मुलामा. दुरून पाहताना ज्येष्ठ काही बोलले नाहीत, पण पुढच्या दस्त्यावर अंगठा आणि तर्जनी ठेवून त्यांनी ती जाडी मला दाखवली. कोरीव काम करणाऱ्या हाताने आधी लाकूड उतरवले नव्हते, त्यामुळे ती पाने एका जाड फळीवर चिकटवल्यासारखी दिसत होती. विजेरीत पट्टीभोवती लुकण दिसले. कानही वाटीच्या पुढच्या कडेकडे सरकलेला होता. नक्षीचे तास खरेच होते आणि त्यांची मजुरी मागण्यात विक्रेत्याचे काही चुकत नव्हते. परंतु ज्या लाकडावर ते तास घातले ते लाकूडच अजून तयार नव्हते, आणि त्यामुळे त्या तासांचे मोल मला देण्यासारखे वाटले नाही.

दुसरी २,३०० डॉलरची, लीहाय वळणाची, जवळजवळ बिनसाजाची होती. लाकडाला लहरी मध्यमच, पेटीच्या जागी साधे सरकते लाकडी झाकण, कोरीव काम नाही. पुढचा दस्ता सडपातळ होता, बाक शेवटपर्यंत एका हाताने ओढल्यासारखा होता आणि नळीच्या पोटाची कडी लांबट भोकांची होती. तिच्यातही खोट नव्हती असे नाही. चाप जड होता, माशी गरजेपेक्षा उंच होती आणि नळीवर कुठेही सही नव्हती. दस्ता मला मापात आला. चापापासून टोकापर्यंत साडेतेरा इंच, आणि गालापासून किंचित बाहेर वळवलेला, त्यामुळे डोळे मिटून खांद्याला लावली आणि डोळे उघडले तर माशी खाचेत आपोआप बसलेली दिसत होती. अंगाला न बसणारी बंदूक कितीही उत्तम असली तरी ती दुसऱ्या कोणासाठी उत्तम असते.

कारागिराने ती क्लबाच्या मैदानावर उडवून पाहू दिली, यालाही मी पारखेचाच भाग मानतो, कारण आपल्या कामाची खात्री नसलेला माणूस सहसा तसे करू देत नाही. ०.४९० इंचाची गोळी, तेलात भिजवलेले कापड आणि ७० ग्रेन काळी दारू असा बार ठासून ५० यार्डांवर मारला. नव्या नळीचा खरखरीतपणा गेल्यावर गोळ्या तीन इंचांत येऊ लागल्या, आणि उंच माशीमुळे त्या नेमाच्या खाली लागत होत्या. माशी उंच ठेवणे हेच बरोबर, असे ज्येष्ठांनी तेव्हा सांगितले, कारण ती कानशीने उतरवून नेम वर आणता येतो, आणि बुटकी माशी वाढवता येत नाही. रंजक पेटणे आणि बार निघणे हे दोन आवाज मला वेगळे ऐकू आले नाहीत.

व्यवहाराची बोलणी त्यानंतर झाली. मी किंमत फार पाडून मागितली नाही. चापाची खीळ वर घेऊन द्यावी आणि नळीच्या वरच्या पैलूवर सही व साल कोरावे, एवढेच मागितले. सहीला कारागीर आधी कां कूं करत होता. विकत आणलेल्या भागांच्या बंदुकीवर आपले नाव घालणे त्याला अवघड वाटत होते. ज्येष्ठांचे मत वेगळे पडले. लाकूड ज्याने उतरवले त्याची ती बंदूक, आणि अठराव्या शतकातले कारागीरसुद्धा लॉक पुष्कळदा युरोपातून आलेलेच वापरत असत, असे त्यांनी त्याला समजावले. अखेरीस चाप चार पौंडांच्या खाली आला, सही झाली आणि २,२०० डॉलरवर व्यवहार ठरला. अशा बंदुका अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने बंदुकीच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. राज्यांचे नियम मात्र निराळे असतात आणि शेजारच्या न्यू जर्सीत ते बरेच कडक आहेत, म्हणून नदीपलीकडे नेण्याआधी तिथला कायदा पाहावा लागतो. पावतीवर मी नळी आणि लॉक कोणाचे, आटे किती इंचांत एक फेरा घेतात, लाकूड कोणते आणि कोरून आणलेल्या दस्त्यापासून काम केले आहे ही गोष्ट, असे सगळे लिहून घेतले.

घरच्या विम्यात नोंद करताना तिची किंमत मी खरेदीइतकीच लावली. विकायला काढली तर सतराशेच्या आसपास येतील असे जुन्या बंदुकांच्या व्यवहारांवरून मला दिसते, आणि नळी कोरी राहिली असती तर सुट्या भागांच्या किमतीपेक्षा, म्हणजे बाराशेपेक्षा फारसे कोणी दिले नसते.